नोंद आढळत नाही

रात्री साडेदहाच्या सुमारास भाच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला आणि त्याखाली एवढेच लिहिले होते, ‘मावशी, हे एकदा बघ.’ फोटोत एक पदवी प्रमाणपत्र होते. भाचा चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. बारावीनंतर त्याने आयटीआय केले. हाताला कसब आहे, माणसे सांभाळण्याची हातोटी आहे, पण वरच्या जागेसाठी कंपनीला ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी’ लागते आणि तेवढ्यावाचून तीन वर्षे त्याची बढती अडून राहिली आहे. प्रमाणपत्र त्याचे नव्हते, त्याच्याच पाळीतल्या एका सहकाऱ्याचे होते. ‘तुलाही असेच मिळवून देतो’ म्हणणाऱ्या पुण्यातल्या एका एजंटाने ते नमुना म्हणून पुढे केले होते. विद्यापीठ दूरच्या एका राज्यातले होते, जिथे तो सहकारी कधी पाऊल टाकायला गेला नव्हता. त्या विद्यापीठाचे नाव मीही प्रथमच वाचत होते, आणि मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षे काढली आहेत.

कागद मात्र देखणा होता. सोनेरी वेलबुट्टीची चौकट, मधोमध उगवता सूर्य, त्यावर उघडे पुस्तक, पुस्तकावर समई, समईखाली संस्कृत बोधवाक्य, उजव्या कोपऱ्यात होलोग्राम, डाव्या कोपऱ्यात क्यूआर कोड आणि तळाशी तीन झोकदार सह्या. माझ्या हाताखालून गेलेल्या खऱ्या पदव्यांपैकी फारच थोड्या इतक्या सुरेख होत्या. आमच्याकडे एखाद्या वर्षी शाई फिकी पडे, एखाद्या वर्षी कुलगुरूंच्या सहीचा ठसा तिरका बसे, आणि आडनावाचे स्पेलिंग चुकले म्हणून मुले दुरुस्तीचा अर्ज घेऊन खिडकीपाशी अर्धा दिवस उभी राहत. ज्याच्याजवळ कागदाखेरीज विकण्यासारखे काही नसते, तो सगळा जीव कागदातच ओतणार. म्हणून कोणी पदवी पुढे केली, की ती उजेडात धरून जलचिन्ह शोधण्याची घाई मी करत नाही. कागद पाहायचा तो सर्वांत शेवटी.

नोकरीतली अखेरची चौदा वर्षे मी पडताळणीच्या टेबलावर होते. कंपन्या, बँका, पोलीस ठाणी, परदेशी वकिलाती यांच्याकडून पत्रे येत. सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि शुल्काचा डिमांड ड्राफ्ट असे. त्यावरचा बैठक क्रमांक आणि वर्ष एका चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे आणि रेकॉर्ड रूममध्ये जायचे. तिथे लोखंडी रॅकवर कापडी पाठीची, दोन हातांनी उचलावी लागणारी निकालाची लेजरे वर्षावर्षाने लावलेली असत. जुन्या लेजरांत गुण शाईने भरलेले, नंतरच्या लेजरांत डॉट मॅट्रिक्सची फिकट छपाई, आणि सगळ्यांना डांबरगोळ्यांचा एकच वास. पान उघडायचे, बोट ठेवून ओळ शोधायची, नाव, वर्ष आणि श्रेणी जुळवायची, आणि परत येऊन उत्तर लिहायचे. उत्तरे दोनच प्रकारची असत, ‘विद्यापीठाच्या नोंदींशी जुळते’ किंवा ‘नोंद आढळत नाही’. ‘बनावट’ हा शब्द आम्ही कधीही लिहिला नाही. तो लिहिण्याचा अधिकार पोलिसांचा आणि न्यायालयाचा. वहीत काय आहे आणि काय नाही, एवढेच सांगणे आमचे काम.

एक झेरॉक्स मला अजून आठवते. विज्ञान शाखेची पदवी, त्या वर्षी असायला हवा तोच नमुना, त्या वेळच्या कुलगुरूंचीच सही, अक्षरांचे वळणही आमच्याच छापखान्याचे. बैठक क्रमांकही खरा निघाला. लेजरमध्ये त्या क्रमांकासमोर मात्र एका मुलीचे नाव होते, आणि ती त्या वर्षी रसायनशास्त्रात नापास झाली होती. कागदावर ज्या तरुणाचे नाव होते तो सहा वर्षे एका प्रयोगशाळेत नोकरी करत होता. कागद बनवणाऱ्याने हुशारीने खरा क्रमांक उचलला होता, त्या क्रमांकावर आधीच कोणीतरी बसले आहे याचा विचार केला नव्हता. त्या दिवसापासून मला एक सवय जडली. मागितलेली ओळ सापडली तरी मी तिच्या वरच्या चार आणि खालच्या चार ओळी वाचून काढत असे. खऱ्या ओळीला शेजार असतो. आधीच्या क्रमांकावर त्याच महाविद्यालयातली, आडनावाचे पहिले अक्षर तेच असलेली कोणी मुलगी असते, नंतरच्या क्रमांकावर तोच विषय पुन्हा देणारा कोणी असतो. हे सगळे एका मांडवाखाली, एकाच उकाड्यात पेपर लिहायला बसलेले असतात.

भाच्याने पाठवलेल्या कागदाची अडचण याच्या आधीच्या पायरीवर होती. ती वही कोणाची, आणि ती ठेवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात, कलम २२ मध्ये आहे. पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, कलम ३ खाली अभिमत, म्हणजे विद्यापीठासमान, ठरवलेल्या संस्थेला आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. याखेरीज कोणालाही नाही. म्हणून अनोळखी नाव दिसले, की मी पहिला प्रश्न विचारते: तुमचा कायदा कोणता, कोणत्या सालचा? महाराष्ट्रातली खासगी विद्यापीठेसुद्धा विधिमंडळाच्या कायद्याने जन्माला आलेली आहेत आणि ते कायदे राजपत्रात छापलेले आहेत. खरे विद्यापीठ आपल्या कायद्याचे नाव आणि साल विचारण्याआधीच सांगते. दुसऱ्या प्रकारचे विद्यापीठ याच प्रश्नावर फार बोलू लागते. संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहे, आयएसओ प्रमाणपत्र आहे, बोधचिन्हाचा ट्रेडमार्क घेतला आहे, लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद आहे. यातली प्रत्येक गोष्ट खरी असू शकते, पण सोसायटी कायद्याखाली वाचनालय आणि भजनी मंडळही नोंदवता येते, आणि त्यांनी एम. ए. ची पदवी दिल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

मराठी माणसाची यात एक खास पंचाईत आहे. त्याच कायद्याचे कलम २३ ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द वाटेल त्याला नावात लावू देत नाही, पण ‘विद्यापीठ’ हा शब्द आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधीपासून सैलपणे वापरात आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ मध्ये निघाले आणि अभिमत झाले १९८७ मध्ये. भारती विद्यापीठाची संस्था १९६४ ची, अभिमत दर्जा १९९६ चा. मधल्या काळात ही नावे आपल्या बोलण्यात पक्की रुजून गेली. त्यामुळे पाटीवर ‘विद्यापीठ’ वाचून आपल्या मनात शंका येतच नाही.

आयोग बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करत असतो आणि ती वाचणे हा माझा जुना छंद आहे. नागपूरची ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’ त्या यादीत वर्षानुवर्षे मुक्कामाला आहे. दिल्लीत दर्यागंजची ‘कमर्शियल युनिव्हर्सिटी लिमिटेड’ आहे. ‘लिमिटेड’ हा शब्द तिने स्वतःच नावात ठेवला, हा प्रामाणिकपणा म्हणायचा. दिल्लीचीच ‘युनायटेड नेशन्स युनिव्हर्सिटी’ही यादीत आहे, आणि गंमत अशी की त्याच नावाचे एक खरे विद्यापीठ जगात आहे, संयुक्त राष्ट्रसंघाचे, पण ते टोकियोत. मला सर्वांत चतुर वाटते ते जुन्या याद्यांतले ‘वाराणसेय संस्कृत विश्वविद्यालय’. काशीच्या आजच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाचे १९७४ पूर्वीचे नाव हेच होते. खऱ्या विद्यापीठाने जुना अंगरखा उतरवून खुंटीला टांगला आणि तो दुसऱ्याच कोणी अंगात घालून दुकान मांडले. जुन्या पिढीच्या एखाद्या शास्त्रीबुवांना विचारले, तर ते ‘हो, हे तर नामांकित विद्यापीठ’ असेच सांगणार. आणि या सगळ्या उद्योगाला कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षा किती? एक हजार रुपयांपर्यंत दंड. १९५६ साली तो दंड वाटला असेल, आज तेवढ्यात प्रवेशाच्या जाहिरातीचा फ्लेक्सही छापून मिळणार नाही.

भाच्याच्या कागदावरचे विद्यापीठ या यादीत नव्हते. उलट राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले खासगी विद्यापीठ म्हणून ते आयोगाच्या अधिकृत यादीत दिसत होते. ‘मग झालं की, मावशी!’ असे तो फोनवर उत्साहाने म्हणाला. बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि खरी फसगत बहुतेक वेळा याच्या पुढच्या वळणावर असते.

छत्तीसगडचे उदाहरण आमच्या टेबलावर वारंवार निघत असे. त्या राज्याने २००२ मध्ये असा कायदा केला, की सरकारने नुसती अधिसूचना काढली तरी खासगी विद्यापीठ स्थापन व्हावे. थोड्याच काळात अशी ११२ विद्यापीठे झाली. त्यांतल्या अनेकांना इमारत नव्हती, आवार नव्हते, काहींचा कारभार एका खोलीतून चाले. आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातली ती कलमे रद्द केली. त्याआधी ज्यांनी शुल्क भरले होते त्यांना कोणी बनावट विद्यापीठाचे विद्यार्थी म्हटले नसते. कायदा होता, राजपत्र होते, अधिसूचना होती. मेघालयातले सीएमजे विद्यापीठही २००९ च्या कायद्याने झालेले होते, आणि त्याने २०१२-१३ या एका वर्षात ४३४ पीएचडी बहाल केल्या. ज्यांनी कधी एकाच विद्यार्थ्याच्या प्रबंधाला मार्गदर्शन केले आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. राज्य सरकारने २०१४ मध्ये ते विसर्जित केले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

म्हणून दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा बारीक असतो. हाच अभ्यासक्रम, याच पद्धतीने, याच वर्षी, याच ठिकाणी शिकवण्याची परवानगी त्या विद्यापीठाला आहे का? खासगी विद्यापीठाला महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत. दूरस्थ शिक्षणासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता लागते, आणि ती विद्यापीठाला सरसकट मिळत नाही, अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक मिळते. कायद्याच्या पदवीला बार कौन्सिल, बी. एड. ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, औषधनिर्माणशास्त्राला फार्मसी कौन्सिल अशी आणखी दारे आहेत. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बोट ठेवले, तेव्हा पदवी घेऊन दहा-दहा वर्षे नोकरी केलेल्या, बढत्या घेतलेल्या माणसांना नव्याने परीक्षेला बसण्याची वेळ आली. अभिमत संस्थांनी आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ लावू नये, हेही त्याच निकालाने सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एजंटाला फोन केला. भाच्याची मावशी म्हणूनच बोलले, मी कुठे नोकरीला होते ते सांगितले नाही. माणूस अदबशीर होता.

‘वन सिटिंग आहे, मॅडम. तिन्ही वर्षांचे पेपर एकाच फेरीत होतात.’

‘मग प्रमाणपत्रावर साल कोणतं येणार?’

‘तुम्हाला हवं ते. २०१९ ला अ‍ॅडमिशन दाखवू, २०२२ ला पास. गॅप दिसणार नाही.’

‘आणि अभ्यास?’

‘मटेरियलची पीडीएफ येईल ना, मॅडम.’

शेवटी मी माझा धंद्यातला प्रश्न विचारला. कंपनीने पडताळणीला पत्र पाठवले तर?

‘त्याची काळजीच करू नका. व्हेरिफिकेशन आपल्या पॅकेजमध्येच आहे. युनिव्हर्सिटीतूनच लेटर येईल.’

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसतीच उभी होते. बनावट शिक्के, बनावट सह्या, दुसऱ्याच्या क्रमांकावर चढवलेली नावे हे सगळे पाहून झाले होते. पण वहीच विकायला काढलेली असते आणि पडताळणीचे उत्तर पॅकेजमध्ये धरलेले असते, हे इतक्या सहज स्वरात कधी ऐकले नव्हते. तशी वार्ता नवी नव्हती. हिमाचल प्रदेशातल्या सोलनच्या मानव भारती विद्यापीठाचे प्रकरण वर्तमानपत्रांतून मी वाचले होते. तेही कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, आणि तपासात त्याच्या बनावट पदव्यांचा आकडा ३६ हजारांच्या घरात गेला. अशा ठिकाणी पत्र पाठवले तर ‘नोंदींशी जुळते’ असेच उत्तर येणार, कारण नोंदी कागदाला जुळवून नंतर भरलेल्या असतात. माझी चौदा वर्षांची कामाची पद्धत तिथे निरुपयोगी होती.

की नव्हती? मी भाच्याला म्हटले, ‘तुझ्या त्या मित्राला काही विचारून बघ. प्रवेश घेतला तेव्हा सोबत कोण होतं, पेपर कुठल्या शाळेत झाले, शेजारी कोण बसलं होतं, नापास कोण झालं.’ संध्याकाळी उत्तर आले. पेपर एजंटाच्या ऑफिसातच झाले होते, दोन दिवसांत, समोर पुस्तक ठेवून. सोबत कोणी नव्हते. आणि नापास झालेला माणूस त्याला आठवेना. नापास कोणीच होत नसेल, तर तिथे परीक्षा झाली असे मी तरी म्हणणार नाही. मग मी दूरशिक्षण विभागाची यादी उघडली. सांगितलेल्या सत्रांत त्या विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रमाची मान्यताच नव्हती. तरी सवयीप्रमाणे विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांना ईमेल लिहिली. पत्ता मात्र प्रमाणपत्रावरचा घेतला नाही, आयोगाच्या यादीतला घेतला. हे फार महत्त्वाचे आहे, कारण प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड ज्या संकेतस्थळावर नेतो ते संकेतस्थळ बनवणाराही तोच असू शकतो. त्या कोडातून उघडलेल्या पत्त्याच्या शेवटी नुसते ‘डॉट एसी’ होते. आपल्याकडची शिक्षणसंस्थांची ओळख ‘डॉट एसी डॉट इन’ अशी आहे. नुसते ‘डॉट एसी’ हे अटलांटिक महासागरातल्या असेन्शन नावाच्या बेटाचे आहे आणि ते पैसे भरून कोणालाही मिळते. तीन आठवड्यांनी विद्यापीठाचे उत्तर आले: प्रमाणपत्रावरील क्रमांकाची नोंद आढळत नाही. म्हणजे एजंट आपल्या धंद्यातही खरे बोलत नव्हता. भाच्याने तोवर ‘बुकिंग’चे वीस हजार भरलेले होते, ते मात्र त्याने मला तेव्हा सांगितले नव्हते.

परदेशाच्या बाबतीत माणसे जास्त भोळी होतात. जर्मनीला जाणारी मुले निदान एक सरळ दार तरी ओळखतात. तिकडच्या ‘अनाबिन’ नावाच्या सूचीत आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (मान्य) आहे की ‘एच मायनस’ (अमान्य), हे पाहून पुढचे बेत ठरतात. अमेरिकेचे प्रकरण अधिक वाकडे आहे. मिशिगन राज्यात फार्मिंग्टन हिल्स या गावी ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ निघाले, त्याला बोधचिन्ह होते, लॅटिन बोधवाक्य होते, मानांकन देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव होते आणि विद्यार्थी व्हिसासाठीच्या सरकारी यादीतही होते. नव्हते ते शिक्षक आणि वर्ग, कारण ते विद्यापीठ अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागानेच सापळा म्हणून उभे केले होते. जानेवारी २०१९ मध्ये धरपकड झाली तेव्हा सुरुवातीला पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. त्यांतल्या कित्येकांना वर्ग भरत नाहीत हे ठाऊक होते आणि नोकरीचा परवाना टिकवण्यासाठीच त्यांनी नाव घातले होते, असा तिकडच्या सरकारचा दावा. आम्ही सरकारच्याच यादीवर विश्वास ठेवला, असे विद्यार्थ्यांचे म्हणणे. कोण किती खरे ते मी ठरवू शकत नाही, पण यादी पाहणे पुरेसे असते असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. तिथेही प्रश्न तोच होता, शेजारी कोण बसते?

मानद डॉक्टरेटचा विषय मी खरे तर टाळणार होते, कारण तो विनोदाचा भाग आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये समारंभ, भाड्याचे झगे, चौकोनी टोप्या, शाल, श्रीफळ, आणि दुसऱ्या दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर नावाआधी ‘डॉ.’. अमेरिकेत २००४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने अशाच एका दुकानातून कोल्बी नावाच्या मांजराला एम. बी. ए. मिळवून दाखवली होती. आपल्याकडे मांजराला निदान सत्काराला तरी बोलावले असते. पण अशाच एका परिचित ‘डॉक्टरां’ना मी त्यांच्या विद्यापीठाचा कायदा विचारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, कर्व्यांच्या विद्यापीठाला तरी सुरुवातीला कुठे मान्यता होती?’ आणि या उत्तराने मी खरोखरच अडखळले, कारण ते खरे आहे, आणि आमच्या घरातले आहे.

माझ्या वडिलांची आत्या ‘जी. ए.’ होती. गृहीतागमा, म्हणजे जिने ज्ञान ग्रहण केले आहे ती. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ (आजचे एसएनडीटी) काढले तेव्हा त्याच्या पदवीला हे नाव दिले. १९२० मध्ये उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली, १९३६ मध्ये विद्यापीठाचे ठाणे पुण्याहून मुंबईला हलले. कायदेशीर विद्यापीठाचा दर्जा मात्र १९५१ मध्ये मिळाला. म्हणजे आत्याआजीची पदवी आजच्या माझ्या टेबलावर आली असती, तर मी कलम २२ कडे बोट दाखवले असते. नोकरीच्या अर्जात ‘मान्यताप्राप्त विद्यापीठ’ या रकान्यापाशी ती थांबत असे, असे वडील सांगत. तरीही तिने वाईच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षे शिकवले आणि पाटीवर नावापुढे ‘जी. ए.’ लावले. काशी विद्यापीठाचे ‘शास्त्री’ही असेच. सरकारी मान्यतेशिवाय चालणाऱ्या त्या राष्ट्रीय विद्यापीठाची पदवी लालबहादूरांच्या नावाला अशी चिकटली, की देश तिला आडनावच समजतो.

त्या परिचितांना मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही, घरी आल्यावर ते सुचले. कर्व्यांनी मान्यता नसल्याचे कोणापासून लपवले नव्हते. मातृभाषेतून शिकवायचे आणि अभ्यासक्रम बायकांच्या गरजा पाहून ठरवायचा, तर सरकारी शिक्क्यावाचून चालवावे लागेल, हे पत्करूनच त्यांनी ते काढले. नाव घालणाऱ्या मुलीला काय मिळणार आणि काय मिळणार नाही, ते ठाऊक असे. आणि दुसरे असे, की आत्याआजी पंच्याऐंशीच्या झाल्या, सकाळचे औषध घेतले की नाही ते विसरू लागल्या, तरी आपल्या वर्गातल्या सहा जणींची नावे माहेरच्या आडनावांसकट एका दमात सांगत. कोण इंग्रजीत कच्ची होती, कोणाचे मधेच लग्न झाले, कोण परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणलेली असतानाही टांग्यातून आली. लेजर उघडल्यासारखे ते असे. वरच्या चार ओळी, खालच्या चार ओळी.

एजंटाकडून वीस हजार परत आले नाहीत. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला भाचा तयार होईना, कारण तक्रारीत आपण काय विकत घ्यायला गेलो होतो तेही लिहावे लागले असते, आणि मीही फार आग्रह धरला नाही. मला वाटते तिथे मी चुकले. जूनमध्ये त्याने नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव घातले. ‘मुक्त’ या शब्दामुळे तेही खरे असते का, असे घरात कोणीतरी विचारलेच. १९८९ चा राज्याचा कायदा मी त्यांना मोबाइलवर काढून दाखवला. प्रवेशाची पावती आली त्या रात्री मी त्याचा कायम नोंदणी क्रमांक, दूरशिक्षण विभागाचा आयडी आणि अभ्यासकेंद्राचा संकेतांक एकेक करून ताडून पाहिला. पदवी तीन वर्षांनी मिळेल आणि बढती त्यानंतर, हे त्याने थोडे आदळआपट करून मान्य केले.

गेल्या रविवारी त्याचे पहिले संपर्कसत्र होते. संध्याकाळी फोन आला तेव्हा अभ्यासाबद्दल तो फारसे बोलला नाही. बाक लहान मुलांचे आहेत, गुडघे मावत नाहीत, म्हणाला. शेजारी ब्यूटी पार्लर चालवणारी एक बाई बसते, तिचा मुलगा यंदा दहावीला आहे. पुढच्या बाकावर एसटीचा एक कंडक्टर आहे, अर्थशास्त्रात दोनदा राहिलेला, पण मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्याच्याकडे आहेत आणि तो त्या झेरॉक्सला द्यायला तयार आहे.